धोक्याकडे लागलेली नजर

वेड हा विषय डॉक्टरांचा आणि खून हा विषय वकिलांचा, असे आपल्याकडे समजले जाते. आम्ही या दोहोंपैकी कोणीच नाही. आमचे आयुष्य गेटसभांत, युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर गेले. वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयांच्या कृपेने. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही १८४३ सालच्या एका इंग्रजी खटल्याचे नाव सांगितले. त्याचे कारण असे की, त्या खटल्यातील आरोपी हातकामावर जगणारा, स्वतःच्या हिमतीने शिकलेला माणूस होता, आणि ‘माझ्यावर पाळत आहे’ ही त्याची तक्रार होती. ही तक्रार घेऊन येणारी माणसे युनियनच्या कचेरीला नवीन नाहीत. त्यांतील काहींवर खरोखरच पाळत असते, काहींवर नसते. आणि दोघेही सारख्याच दबक्या आवाजात, दाराकडे एक डोळा ठेवून बोलतात. दोघांतला फरक कसा ओळखावा, आणि ओळखल्यावर ज्याच्यावर पाळत नाही त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न नुसत्या वैद्यकाचा नाही. त्या खटल्याच्या हकिकतीत तो फार उघडपणे दिसतो, म्हणून आधी हकिकत सांगतो.

२० जानेवारी १८४३ रोजी दुपारी लंडन शहरात चेअरिंग क्रॉसजवळून एडवर्ड ड्रमंड नावाचे गृहस्थ पायी चालले होते. मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यांचे ते खाजगी चिटणीस. मागून एक तरुण आला, त्याने अगदी जवळून त्यांच्या पाठीत पिस्तुलाची गोळी घातली, आणि तो दुसरे पिस्तूल काढीत असतानाच एका पोलिस शिपायाने त्याला धरले. ड्रमंड पाच दिवसांनी, २५ जानेवारीस, वारले. मारेकऱ्याचे नाव डॅनिएल मॅकनॉटन. त्याने ड्रमंड यांना पील समजून गोळी घातली, असे तेव्हा बहुतेकांनी धरले आणि आजही तेच धरले जाते. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे त्याने दिलेल्या जबानीचा मतलब असा होता : माझ्या गावच्या टोरींनी मला हे करायला भाग पाडले, मी जाईन तेथे ते माझ्या मागे येतात, फ्रान्समध्ये गेलो तर तेथेही आले, रात्री झोप नाही, दिवसा चैन नाही, त्यांनी माझी प्रकृती पार नासून टाकली. टोरी म्हणजे त्या काळचा जमीनदारांचा आणि जुन्या मताचा पक्ष. पील हे त्याचे पुढारी.

हा मॅकनॉटन कोण होता? स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातला तो कातारी. लाकूड कातण्याचा धंदा त्याच्या बापाचा, मुलगा अनौरस. बापाशी फाटल्यावर तीनेक वर्षे त्याने नाटकात कामे केली, १८३५ साली गावी परत येऊन स्वतःचे दुकान थाटले आणि पाच वर्षे ते नेकीने चालवले. कष्टाळू, काटकसरी, व्यसनापासून लांब, अशी त्याची ख्याती होती. कामगारांसाठी चालणाऱ्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये तो जाई, वादविवादाच्या सभेत भाग घेई, फ्रेंच भाषा तो आपली आपण शिकला. राजकारणात त्याची मते जहाल होती. दिवसभर लेथवर उभे राहायचे आणि रात्री दिव्याखाली पुस्तक उघडायचे, असे एक-दोन जण प्रत्येक युनियनमध्ये असतात. बाकीचे त्यांना ‘मास्तर’ म्हणतात आणि अर्ज त्यांच्याकडून लिहून घेतात. मॅकनॉटन त्या जातीचा माणूस होता. त्याला पहिल्यापासून माथेफिरू समजून हकिकत वाचली, तर तिच्यातले मर्मच हातचे निसटेल.

आता त्या गावाकडे पाहू. ग्लासगोत १८३७ साली सूत कातणाऱ्या गिरणी कामगारांचा मजुरीच्या कपातीविरुद्ध मोठा संप झाला. संपाच्या धामधुमीत एका कामगाराचा खून पडला. आर्चिबाल्ड ॲलिसन हे तेथले शेरीफ. तिकडचा शेरीफ म्हणजे मुंबईकरांना ठाऊक असलेला मानापुरता शेरीफ नव्हे; तो जिल्ह्याचा न्यायाधीश, आणि शांतता राखण्याची जबाबदारीही त्याचीच. ॲलिसन कट्टर टोरी होते. त्यांनी पोलिस बरोबर घेऊन एका गुत्त्यात चाललेल्या बैठकीवर छापा घातला आणि संघटनेची कमिटी पकडली. जानेवारी १८३८ मध्ये एडिंबरो येथे पाच पुढाऱ्यांवर खटला चालला. खुनाचा आरोप शाबीत झाला नाही. तरीही संपातल्या धाकदपटशाच्या कटाबद्दल त्यांना ७ वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. मुंबईच्या कामगारांना हा प्रकार अनोळखी वाटू नये. २० मार्च १९२९ रोजी गिरणी कामगार युनियनच्या पुढाऱ्यांना असेच धरून मीरतला नेले आणि त्यांच्यावर बादशहाविरुद्ध कट केल्याचा खटला चालवला. त्याचा निकाल लागायला १९३३ साल उजाडले. कामगारांच्या इतिहासात पाळत, खबरे आणि कटाचे खटले ही खरी झालेली गोष्ट आहे. दुधाने ज्याचे तोंड पोळले तो ताकही फुंकून पितो. आणि ग्लासगोच्या कामगारांचे तोंड तेव्हा ताजेच पोळले होते.

गोळीबारानंतर मॅकनॉटनने ज्या अधिकाऱ्यांची नावे घेतली, म्हणजे ज्यांनी मनात आणले असते तर आपला छळ थांबवला असता असे तो म्हणाला, त्यांत हेच शेरीफ ॲलिसन होते. याचा अर्थ ॲलिसन त्याचा पाठलाग करीत होते असा नव्हे. तसा काहीही पुरावा नाही. अर्थ एवढाच की, भ्रमाचे झाड आभाळातून पडत नाही. त्याचे बी गावच्या मातीतच कोठेतरी असते.

ते झाड कसे वाढले, हे खटल्यातील साक्षींवरून समजते. रस्त्यात माणसे माझ्याकडे पाहून हसतात, मुठी दाखवतात, काठ्या उगारतात, असे त्याने बापाला सांगितले. एडिंबरोत एक घोडेस्वार त्याच्याकडे पाहत होता. दुसऱ्या एकाने मान हलवून ‘हाच तो’ असे म्हटले. बोटीवरचे उतारू जवळ येऊन त्याला निरखीत. अंधार पडल्यावर बाहेर जायची त्याला भीती वाटे. आणि सर्वांत लक्षात राहण्यासारखी गोष्ट ही : ग्लासगोच्या कोर्टातून बाहेर पडताना त्याला एक माणूस दिसला. त्याच्या कपाळाला आठी होती आणि काखेत गवताची पेंढी होती. मॅकनॉटनला अर्थ तत्काळ कळला. वेड्यांच्या इस्पितळात त्या काळी रोग्यांना गवतावर निजवीत. तेव्हा ‘तुलाही गवतावर निजवू’ हा तो निरोप. सगळे काही खुणांनी चालते, असे तो डॉक्टरांना म्हणाला.

त्या गवतवाल्याकडे जरा थांबून पाहा. घोड्यांच्या गाड्यांच्या त्या काळात शहरात गवत घेऊन जाणारी माणसे दिवसाला किती तरी दिसत असतील. कपाळावर आठी असणारी माणसे तर कोणत्याही कोर्टाबाहेर जितकी हवीत तितकी सापडतात. मॅकनॉटनने पाहिले ते खोटे नव्हते. गवत होते, आठीही होती. त्याने पाहण्यात कसूर केली नाही, उलट इतरांना दिसत नव्हते ते सारे त्याला दिसत होते. त्याची कसूर निवडीत होती. रस्त्यावरच्या शंभर माणसांतली नव्व्याण्णव माणसे त्याच्या नजरेतून गळून जात आणि आठी घातलेला एकटा तेवढा उरे. शंभरांपैकी कितीजण आपल्याकडे न पाहता निघून गेले, हा हिशेब त्याच्या वहीत लिहिलाच जात नव्हता.

याला आपण अवधान म्हणू. अवधान हे काही आपल्या खुशीने सर्वस्वी चालत नाही. गरज त्याला शिकवते. भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या मागवाल्याला सबंध शेडच्या खडखडाटात आपल्या मागाचा बदललेला आवाज कळतो. बाहेरच्या माणसाला नुसता गोंगाट ऐकू येतो. पोटाने शिकवलेला तो कान आहे. धोक्याने शिकवलेला डोळाही तसाच असतो. फरक असा की, मागवाला जवळ जाऊन पाहतो, आणि धागा तुटलेला नसला तर ‘नाही तुटला’ असे त्याला तेथल्या तेथे कळते. धोक्याच्या बाबतीत माणूस जवळ जात नाही, पळतो. आणि पळाल्यामुळे धोका नव्हता हे कळण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

गेल्या चाळीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी याच गोष्टीची मोजणी केली आहे. १९८९ साली रिचर्ड बेंटॉल आणि सू केनी या इंग्रज संशोधकांनी एक साधी परीक्षा घेतली. शब्द निरनिराळ्या रंगांच्या शाईत लिहून दाखवायचे, आणि अर्थाकडे दुर्लक्ष करून शाईचा रंग तेवढा सांगायला लावायचे. छळाचा भ्रम असलेल्यांना धोक्याचे शब्द समोर आले की रंग सांगायला अधिक वेळ लागे. कारण डोळा शाईवर असला तरी मन त्या शब्दात अडकत होते. १९८८ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात, कोणत्या बरणीतून मणी काढले जात आहेत हे मण्यांच्या रंगांवरून ओळखायचे होते. भ्रम असलेल्यांनी इतरांपेक्षा थोडेच मणी पाहून निकाल देऊन टाकला. तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. मेरी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, चित्रे पाहताना डोळे कोठे कोठे फिरतात याची नोंद केली. ज्या चित्रांचा अर्थ संदिग्ध होता त्यांत, छळाचा भ्रम असलेली माणसे धोक्याच्या जागेकडे इतरांपेक्षा कमी वेळ पाहत होती आणि निरुपद्रवी जागांकडे अधिक. म्हणजे प्रथम धोक्याकडे झेप, मग तेथून नजर चुकवणे, आणि मग जेथे काही नाही तेथे शोध, असा हा प्रवास असावा असे दिसते. आमच्या भाषेत सांगायचे तर, चोर दारात उभा आहे असे वाटताच माणूस दाराकडे पाहीनासा होतो आणि भिंतीतल्या भेगा मोजू लागतो.

शिवाय ही काही रोग्यांचीच मिरास नाही. डॅनिएल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली सामान्य लोकांपैकी २०० जणांना यंत्राच्या साहाय्याने भासमान अशा आगगाडीच्या डब्यात नेऊन बसवले. डब्यातली चित्रातली माणसे मुद्दाम अगदी साधी, कोणाशी बरे नाही की वाईट नाही, अशी केलेली होती. पुष्कळांना ती साधीच वाटली; पण ती आपल्याकडे रोखून पाहतात, आपल्याविषयी त्यांच्या मनात वाईट आहे, असे वाटणारेही थोडेथोडके निघाले नाहीत. शहाणा आणि भ्रमिष्ट यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. त्या उतारावर आपण सगळेच कोठे ना कोठे उभे असतो, आणि जागरण, एकटेपणा, अपमान, काळजी ही माणसाला खाली ढकलतात. झोपेपुरते बोलायचे तर २०१७ साली इंग्लंड-स्कॉटलंडकडील २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. निद्रानाशावर उपचार केल्याने त्यांचे संशयही कमी झाले. मॅकनॉटनच्या जबानीतली ‘रात्री झोप नाही’ ही तक्रार आपण वाचताना सहज ओलांडून जातो. रात्रपाळी केलेल्या माणसाने ती ओलांडू नये.

आता पुन्हा ग्लासगोकडे वळू. कारण या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग गोळीबाराचा नाही, त्याच्या आधीच्या दोन वर्षांचा आहे. मॅकनॉटन लपून बसला नव्हता. तो बापाकडे गेला. शहराच्या पोलिस कमिशनरकडे गेला. शेरीफांकडे गेला. आपल्या पार्लमेंटच्या सभासदाला त्याने पत्र लिहिले. सांगून सांगून थकेपर्यंत त्याने सांगितले. सभासदाने उत्तर धाडले : मला काही करता येत नाही, तुमच्या मनाला विकार झालेला दिसतो. बाप म्हणाला, तुझी काही तरी समजूत झाली आहे. कोण लोक ते मला दाखव. त्यावर मुलाने सांगितले, उपयोग नाही. तुम्ही बरोबर आहात असे पाहिले की ते मागे येणारच नाहीत. पोलिस अधिकाऱ्याने ‘चौकशी करतो’ म्हणून धीर दिला, आणि पुन्हा भेट झाली तेव्हा छळणाऱ्यांच्या यादीत टोरींबरोबर पोलिस, कॅथलिक पाद्री आणि जेझुइट यांचीही भर पडलेली होती.

यांतला कोणीही दुष्ट नव्हता, हे ध्यानात घ्यावे. बापाला पोराची काळजी होती, पोलिस अधिकारी सौजन्याने बोलला, सभासदाने निदान खरे मत लिहिले. प्रत्येकाने एकच काम केले : पाळत आहे की नाही या प्रश्नाचे उत्तर दिले. ते उत्तर बरोबर होते आणि निरुपयोगी होते. कारण त्या माणसाचा रोग उत्तरात नव्हता, नजरेत होता. ‘कोणी नाही’ म्हणणारा प्रत्येक अधिकारी त्याच्या हिशेबी शत्रूच्या यादीत जमा झाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. ब्रह्मराक्षस नाही हे सिद्ध करून भित्याची भीती गेली, असे आम्ही तरी पाहिलेले नाही. ‘तू रात्री झोपतोस का, जेवतोस का, अंधारात बाहेर पडून किती दिवस झाले, दुकान का विकलेस, तुझ्याजवळ आता कोण राहते’ हे प्रश्न त्याला कोणी विचारल्याचे त्या हकिकतीत आढळत नाही.

खटला ३ आणि ४ मार्च १८४३ रोजी ओल्ड बेली कोर्टात चालला. बचावाचे वकील अलेक्झांडर कॉबर्न. त्यांनी नऊ वैद्यांच्या साक्षी काढल्या. डॉक्टर मन्रो यांच्याजवळ आरोपीने सांगितले होते की, चेअरिंग क्रॉसला तो माणूस दिसताच वर्षानुवर्षे सोसलेले सगळे दुःख एकदम उसळून आले, आणि याला मारले म्हणजे आपल्याला शांती मिळेल असे वाटले. सरकारपक्षाने उलट वैद्य उभा केला नाही. मुख्य न्यायमूर्ती टिंडल यांनी खटला तेथेच आवरता घेतला, आणि ज्यूरीने जागेवरून न उठता ‘वेडाच्या कारणास्तव निर्दोष’ असा निर्णय दिला.

देशात गिल्ला झाला. राणी व्हिक्टोरियावर स्वतःवर १८४० साली एका तरुणाने पिस्तूल झाडले होते, आणि तोही असाच सुटून इस्पितळात गेला होता. तिने पील यांना पत्र लिहून नाराजी कळवली. लॉर्डांच्या सभेने न्यायाधीशांना प्रश्न घातले, आणि १९ जून १८४३ रोजी न्यायाधीशांनी उत्तरे दिली. हेच ते मॅकनॉटनचे नियम. त्यांचे सार असे : कृत्य करताना मनाच्या रोगामुळे आरोपीला आपण काय करीत आहोत हे कळत नव्हते, किंवा आपण करतो ते वाईट आहे हे कळत नव्हते, असे शाबीत झाले तरच तो सुटेल. आणि भ्रम एकाच गोष्टीपुरता असेल तर ती गोष्ट खरी मानून न्याय करावा. समोरचा आपला जीव घेतो आहे असा भ्रम होऊन स्वसंरक्षणासाठी मारले, तर माफ. समोरच्याने आपली अब्रू आणि मालमत्ता बुडवली असा भ्रम होऊन सूडाने मारले, तर शिक्षा. गंमत अशी की, या नियमांनी मॅकनॉटनचाच न्याय केला असता, तर तो बहुधा फासावर गेला असता.

हे नियम बोटीत बसून आपल्याकडे आले. १८६० सालच्या हिंदी दंडसंहितेचे कलम ८४ याच विचाराचे आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून ते जवळजवळ त्याच शब्दांत बसले आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलिस शिपायाच्या प्रकरणात याच कलमाखाली विचार केला. त्याने पत्नीचा खून केला होता. त्याचा संशयाचा आजार खुनाच्या आधीपासूनचा होता आणि त्याचे उपचार चाललेले होते. न्यायालयाने नुसती त्या क्षणाची परीक्षा न करता मागची-पुढची सगळी हकिकत पाहिली आणि त्याला दोषमुक्त केले. कायदा आपल्या चौकटीत राहून किती माणुसकीने वाचता येतो, याचे ते उदाहरण आहे. तरी चौकट तीच राहिली. आरोपीला काय कळत होते, एवढेच कायदा विचारतो. मॅकनॉटनला पिस्तूल म्हणजे काय हे कळत होते, गोळीने माणूस मरतो हे कळत होते, खुनाला फाशी असते हेही कळत असावे. त्याचे ज्ञान शाबूत होते. त्याला पाहता येत नव्हते ते वेगळेच होते : रस्त्याने चाललेला एक मध्यमवयीन गृहस्थ हा केवळ रस्त्याने चाललेला मध्यमवयीन गृहस्थ असू शकतो, हे त्याला पाहता येत नव्हते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आमच्याच बाजूच्या माणसांकडून येतो. रिचर्ड मोरान या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली या खटल्यावर पुस्तक लिहिले. अटकेच्या वेळी मॅकनॉटनजवळ ७५० पौंडांची बँकेची पावती सापडली होती. एवढी रक्कम कातारी कोठून आणणार? त्या काळचे जहाल राजकारण, टोरींची दडपशाही हे सारे मांडून मोरान असे सुचवतात की, हा राजकीय खुनाचा प्रयत्न असू शकेल, आणि आरोपीला वेडा ठरवण्याने त्याचे राजकीय गाऱ्हाणे कायमचे झाकले गेले. ज्यांनी चळवळ केली आहे त्यांना हा युक्तिवाद मनोमन पटतो. गाऱ्हाणे करणाऱ्याला वेडा ठरवणे ही सत्तेची जुनी युक्ती आहे.

पण आमचे मत निराळे आहे. टोरी वाईट होते की नव्हते यावर हा प्रश्न सुटत नाही, गवताच्या पेंढीवर सुटतो. खरा शत्रू असलेल्या माणसालाही भ्रम होऊ शकतो. शत्रू खरा असणे आणि नजर आजारी असणे या दोन गोष्टी एका घरात नांदू शकतात. सावध माणूस आणि भ्रमिष्ट माणूस यांतला फरक शत्रूत शोधू नये, नजरेत शोधावा. सावध माणसाचा शत्रू मर्यादित असतो. त्याला नाव, पगार आणि हितसंबंध असतो. भ्रमिष्टाचा शत्रू वाढत जातो, टोरींपासून पोलिसांपर्यंत आणि पोलिसांपासून पाद्र्यांपर्यंत. सावध माणूस सोबत्याला बरोबर घेऊन जातो आणि ‘बघ बरे, तुलाही दिसते का’ असे विचारतो. भ्रमिष्ट म्हणतो, तू बरोबर असलास तर ते येणारच नाहीत. सावध माणसाचा संशय कधी कधी खोटा ठरतो आणि खोटा ठरल्यावर त्याला हायसे वाटते. भ्रमिष्टाचा संशय खोटा ठरण्याची वाटच बंद झालेली असते. युनियन ही या अर्थाने पगारवाढीइतकीच नजरेची संस्था आहे : एकट्याने पाहिलेले दहा जणांनी तपासून घ्यायचे ठिकाण. मॅकनॉटनने १८४० च्या सुमारास दुकान विकले आणि त्यापुढे तो गावोगाव एकटा फिरत राहिला. त्याची नजर तपासणारे कोणी उरले नाही.

मात्र दहा जण एकत्र आले की नजर सुधारतेच, असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. ते डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षेवर जगणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा फोनवरून पसरलेली होती. त्या जमावाला कोणत्याही डॉक्टरने भ्रमिष्ट म्हटले नसते. पण झोळी घेतलेला परका माणूस दिसताच टोळी दिसणे, आणि गवताची पेंढी दिसताच इस्पितळ दिसणे, यांत पाहण्याच्या दृष्टीने आम्हांला फरक दिसत नाही. म्हणून मानसिक आजार असलेल्या माणसांना धोकेबाज समजण्याची जी रीत आहे, तिच्याविरुद्ध येथे स्पष्ट बोलले पाहिजे. छळाचा भ्रम असलेली बहुसंख्य माणसे कोणाला इजा करीत नाहीत; ती दार लावून घरात बसतात आणि बहुतेक वेळा मार खाणारी तीच असतात. मॅकनॉटन हा अपवाद म्हणून इतिहासात गेला.

मग अशा माणसाशी वागावे कसे? फ्रीमन यांच्या ऑक्सफर्डच्या मंडळींनी १३० रुग्णांवर केलेल्या उपचारांचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. ‘पाळत आहे की नाही’ हा वाद त्यांनी मुख्य केला नाही. झोप सुधारायची, काळजीचा फेरा कमी करायचा, स्वतःविषयीचा विश्वास वाढवायचा, आणि मग बोट धरून, ज्या रस्त्याची भीती वाटते त्या रस्त्यावर हळूहळू परत न्यायचे, जुनी बचावाची साधने एकेक खाली ठेवायला लावायची, आणि काही झाले नाही हे त्याचे त्याला पाहू द्यायचे, असा तो क्रम आहे. औषधांनीही न हटलेले भ्रम या मार्गाने सुमारे निम्म्या रुग्णांचे गेले. सुरक्षितता पटवून देता येत नाही, ती अनुभवावी लागते, असा याचा अर्थ आम्ही घेतो. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. हक्क कागदावर आला म्हणजे काम संपत नाही, सुरू होते, हे कामगारांना वेगळे सांगायला नको. कारखान्यात, चाळीत, कचेरीत असा माणूस आढळला तर त्याची टिंगल करू नये, त्याच्या होला हो करू नये, आणि त्याला एकटा सोडू नये. त्याची भीती खरी माना, तिचे कारण खरे मानण्याची सक्ती नाही. आणि डॉक्टरकडे जाताना त्याच्याबरोबर जा.

मॅकनॉटनबरोबर कोणी गेले नाही. त्याला बेथलेम इस्पितळाच्या गुन्हेगार-विभागात टाकले. तेथे त्याने २१ वर्षे काढली. इस्पितळाच्या नोंदींत तो अबोल, कोणाच्या नजरेस पडणे टाळणारा, विणकाम करीत वेळ घालवणारा असा दिसतो. १८६४ साली त्याला नव्याने बांधलेल्या ब्रॉडमूरला हलवले. त्या वेळी डॉक्टरांनी त्याला विचारले, तेव्हा तुमचे डोके ठिकाणावर नव्हते असे तुम्हांला आता वाटते का? त्याने उत्तर दिले की, ज्यूरीचा निर्णय तसा होता; पुरावा ऐकून त्यांनी ते मत दिले. पुढच्या वर्षी, ३ मे १८६५ रोजी, तो वारला.

त्याच्या नावाने नियम झाले, भाष्ये झाली, वकिलांच्या पिढ्या ती पाठ करून परीक्षा उतरल्या. त्याला काय कळत होते याची चर्चा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालली आहे. तो कोठे पाहत होता, आणि त्याच्या शेजारी उभे राहून तिकडेच पाहायला कोणी का गेले नाही, हा प्रश्न अजून आपल्यापुढे तसाच आहे; आणि तो सोडवायला कायद्याची पदवी लागत नाही.